चटईक्षेत्राचा आकडा आणि फरशीचे बॉक्स

फरशीच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "कार्पेट किती आहे?" आपण करारनाम्यातला आकडा सांगतो, साडेसहाशे. दुकानदार कॅल्क्युलेटरवर दहा टक्के चढवतो, भावाने गुणतो आणि रक्कम लिहिलेला कागद पुढे करतो. दोन मिनिटांचं काम. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो, कधी इकडे कधी तिकडे, आणि चुकला हे कळतं ते काम संपत आल्यावर.

सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी तो कमी पडला. बेडरूमच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना माल संपला. दुकानात त्याच नावाची, त्याच कंपनीची फरशी मिळाली, पण ती वेगळ्या भट्टीची होती. खिडकीतून सकाळचं ऊन आलं की त्या दोन ओळी आजही वेगळ्या दिसतात. म्हणून यंदा हॉलची फरशी बदलायची ठरली तेव्हा मी दुकानात जाण्याआधी टेप, पेन्सिल आणि चौकटीचा कागद घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते घर करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आधी त्या कार्पेट एरियाविषयी. मराठीत त्याला चटईक्षेत्र म्हणतात. चटई अंथरता येईल एवढी जागा, असा त्या शब्दाचा साधा अर्थ. पण स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजे आपला रेरा कायदा चटईक्षेत्राची जी व्याख्या देतो, ती चटई अंथरण्यासाठी केलेली नाही. त्या व्याख्येत घराच्या आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा धरलेली असते. बाहेरच्या भिंती वगळलेल्या असतात, आणि तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी व उघडी गच्चीही वगळलेली असते. फरशीला नेमकं उलट हवं. आतल्या भिंतीखाली फरशी बसत नाही, बाल्कनीत मात्र बसवावीच लागते. दोन बेडरूमच्या घरात आतल्या भिंती मिळून साठ फूट लांब आणि अर्धा फूट जाड धरल्या, तर तीस चौरस फूट तिथेच कमी झाले. बाल्कनी पंचेचाळीस चौरस फुटांची असेल तर तेवढे वाढले. बाथरूमला वेगळी फरशी लागते, तेही वजा. एवढी उलथापालथ झाल्यावर करारनाम्यातला आकडा खरेदीच्या उपयोगाचा राहत नाही. महापालिकेच्या कागदांवर 'चटईक्षेत्र निर्देशांक' असतो, त्यातल्या 'चटईक्षेत्रा'त तर भिंतीही धरलेल्या असतात, म्हणजे तो अर्थ आणखी निराळा. करारनामा कपाटात ठेवावा आणि टेप हातात घ्यावी, हे बरं.

प्रत्येक खोली स्वतंत्र मोजायची. लांबी एकदाच नाही, दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध, रुंदीही तशीच. आमचा हॉल बाल्कनीकडे साडेदहा फूट आहे आणि दरवाज्याकडे साडेदहा फूट सहा सूत. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला सूत म्हणतात, आणि मिस्त्री अजून याच भाषेत बोलतात. "काका, खोली गुण्यात नाही," असं आमचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं त्यांचं हत्यार. खोली गुण्यात आहे का, हे घरीही पाहता येतं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. नसेल तर एका बाजूच्या सगळ्या फरश्या तिरक्या कापाव्या लागणार, आणि त्यातून तुकडे वाया जाणार, हे आधीच कळतं. मापं घेताना दरवाज्यांच्या चौकटीखालची जागा धरायची. भिंतीतल्या कपाटाखालची आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालचीही धरावी, असं माझं मत आहे. तिथे फरशी न घालता वाचलेले पैसे पुढे पाणी मुरल्यावर दुप्पट जातात.

आता मुख्य गोष्ट. क्षेत्रफळाला फरशीच्या क्षेत्रफळाने भागलं की नग मिळतात, अशी आपली शाळेपासूनची समजूत. फरशी मात्र ठरावीक मापाचा तुकडा असते. खोलीच्या रुंदीत ती किती वेळा पूर्ण बसते आणि काय उरतं, यावर सगळं अवलंबून असतं.

बाजारात जिला 'दोन बाय दोन' म्हणतात, ती फरशी ६०० मिलिमीटरची असते. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. म्हणून तिचं क्षेत्रफळ चार चौरस फूट नसून ३.८७५ चौरस फूट असतं. चार नगांचा बॉक्स १.४४ चौरस मीटरचा, म्हणजे साडेपंधरा चौरस फुटांचा असतो, सोळाचा नाही. एका खोलीत हा फरक जाणवत नाही. सातशे चौरस फुटांना चारने भागलं तर १७५ नग येतात, खऱ्या मापाने भागलं तर १८१. सहा फरश्या, दीड बॉक्स.

आमचा हॉल मी साडेदहा फूट गुणिले सव्वासतरा फूट धरला, म्हणजे ३,२०० गुणिले ५,२५८ मिलिमीटर. क्षेत्रफळ १८१ चौरस फूट. दुकानाच्या पद्धतीने दहा टक्के वाढवून १९९, म्हणजे तेरा बॉक्स.

मग चौकटीच्या कागदावर मांडणी केली. दोन मिलिमीटरचा सांधा धरला की एक फरशी ६०२ मिलिमीटर जागा घेते. लांबीत आठ पूर्ण बसतात आणि ४४२ मिलिमीटर उरतात. रुंदीत पाच पूर्ण बसतात आणि १९० मिलिमीटर उरतात. एका भिंतीपासून सुरुवात केली, तर चाळीस अखंड फरश्या, शेवटच्या आडव्या ओळीला पाच, आणि साडेसात इंची पट्ट्या नऊ. एका फरशीतून अशा तीन पट्ट्या निघतात, म्हणून त्यांना तीन फरश्या. एकूण अठ्ठेचाळीस, बरोबर बारा बॉक्स. हिशेब छान जुळला, पण हॉलच्या एका कडेला साडेसात इंचांची बारीक पट्टी सतरा फूट लांब धावणार. दारातून आत येणाऱ्याची नजर तिथेच जाईल.

चांगला मिस्त्री असं करत नाही. तो मधोमध दोरी धरतो आणि दोन्ही कडांना सारखे तुकडे पाडतो. मग रुंदीत चार अखंड फरश्या आणि दोन्ही बाजूंना ३९६ मिलिमीटरचे तुकडे येतात. नजरेला हे समतोल दिसतं. पण आता प्रत्येक ओळीला सहा फरश्या लागतात, कारण ३९६चा एक तुकडा काढल्यावर उरलेल्या २०४ मिलिमीटरमधून दुसरा निघत नाही. नऊ ओळी, चोपन्न फरश्या, म्हणजे चौदा बॉक्स. खोली तीच, फरशी तीच आणि क्षेत्रफळही तेच. सुरुवात कुठून केली, एवढ्यानेच सहा फरश्यांचा फरक पडला.

हा फरक पाहून मी आधी नाराज झालो. मग स्कर्टिंगचा हिशेब केला आणि चित्र बदललं. भिंतीच्या पायथ्याला चार इंची पट्टी लागते. हॉलचा परीघ साडेपंचावन्न फूट, त्यातून मुख्य दार, स्वयंपाकघराचं दार, पॅसेज आणि बाल्कनीचा सरकता दरवाजा वजा केला की चाळीस फूट उरतात. साठ सेंटिमीटर लांबीच्या एकवीस पट्ट्या. मधोमध मांडणी केली तर २०४ मिलिमीटरचे सोळा लांब तुकडे उरतातच, आणि प्रत्येकातून दोन पट्ट्या निघतात. स्कर्टिंगला वेगळी फरशी लागतच नाही. एका कडेपासून मांडणी केली तर उरलेल्या तुकड्यांतून जेमतेम पाच पट्ट्या मिळतात आणि बाकीच्यांसाठी चार नव्या फरश्या कापाव्या लागतात. म्हणजे खरी तुलना बावन्न विरुद्ध चोपन्न अशी आहे. सुबक मांडणीची किंमत फक्त दोन फरश्या! हे कोणत्याही टक्केवारीतून कळलं नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की 'दहा टक्के वेस्टेज' हे उत्तर म्हणून स्वीकारू नका. ते कागदावर मांडणी न केलेल्या माणसाचं अंदाजपत्रक आहे. तिरक्या, शंकरपाळी मांडणीला तर दहा टक्के पुरतच नाहीत; तिथे पंधरा टक्के धरावे लागतात.

मोठ्या फरशीचं सध्या आकर्षण आहे. ८०० गुणिले १,६०० मिलिमीटरची फरशी मोठ्या दिवाणखान्यात सुंदर दिसते, हे खरं. पण आपल्याकडच्या आठ फुटी स्वयंपाकघरात ८००च्या तीन फरश्या बसतात आणि सव्वा इंचाची फट उरते. त्या सव्वा इंचासाठी एक तर अख्खी ओळ कापा, नाही तर दोन्ही कडांना तुकडे घ्या. शिवाय त्या मापाची एक फरशी फुटली की पावणेचौदा चौरस फूट एका क्षणात गेले.

बाथरूममध्ये लोक फसतात ते वेगळ्या कारणाने. चार बाय सात फुटांच्या बाथरूमची जमीन अठ्ठावीस चौरस फूट, त्यामुळे ती किरकोळ वाटते. पण भिंतींना सात फूट उंचीपर्यंत फरशी लावायची तर परीघ बावीस फूट गुणिले सात, म्हणजे १५४. दाराचे साडेसतरा वजा केले तरी १३६. जमिनीच्या जवळजवळ पाचपट. असे दोन बाथरूम असले की त्यांच्या भिंतींना हॉलच्या जमिनीपेक्षा जास्त फरशी लागते. जमिनीसाठी मात्र खरखरीत, न घसरणारी आणि लहान मापाची घ्यावी. नहाणीला उतार द्यावा लागतो आणि मोठ्या फरशीला उतार नीट बसत नाही.

न्यू जर्सीत राहणारी माझी भाची गेल्या हिवाळ्यात बेडरूमला भिंत-ते-भिंत गालिचा करून घेत होती. तिने फोनवर विचारलं, "मामा, खोली १८२ चौरस फूट आहे आणि हे लोक २३४चे पैसे मागताहेत. फसवताहेत का?" खोली तेरा बाय चौदा. मी तिला कागदावर मांडणी करायला सांगितलं. अमेरिकेत गालिच्याचा रोल सहसा बारा फूट रुंद येतो. तेरा फुटांच्या खोलीत बारा फुटी रोल अंथरला की चौदा फूट लांबीची एक फूटभर पट्टी उघडी राहते. ती पट्टी कुठल्याही तुकड्यातून काढता येत नाही, कारण गालिच्याला लव असते. लवेची दिशा बदलली तर शेजारशेजारचे दोन भाग वेगळ्या रंगाचे दिसतात. म्हणून कडा छाटण्यासाठी सोडलेली जागा धरून साडेचौदा फूट रोल मुख्य अंथरणीला, आणि पट्टीचे तीन तुकडे काढायला आणखी पाच फूट. साडेएकोणीस गुणिले बारा, २३४. हिशेब चोख होता. खोली बारा बाय पंधरा असती तर जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळाला १८६ चौरस फुटांत काम झालं असतं. आपल्याकडे विनाइलचा रोल घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आधी रोलची रुंदी विचारायची, मग सांधा कुठे येईल ते ठरवायचं, शेवटी भाव.

आता पैशांचं. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपापल्या ठिकाणचे घालून पाहावेत.

समजा फरशी सत्तर रुपये चौरस फूट. हॉलला चौदा बॉक्स आणि एक राखीव, असे पंधरा बॉक्स, २३२.५ चौरस फूट, १६,२७५ रुपये. खाली माल लागतो. दोन इंच जाडीचा थर धरला तर तीस घनफूट ओला माल, त्यासाठी चाळीस घनफूट कोरडा, एकास सहा प्रमाणात. म्हणजे जवळजवळ पाच पोती सिमेंट, फरशीखालच्या रसाला आणखी एक, आणि चौतीस घनफूट वाळू. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा ही साधारण एक तृतीयांश ब्रास झाली. मिस्त्री लादीकामाची मजुरीही कधी ब्रासवर सांगतात. तिथे ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, हे लक्षात ठेवावं. सिमेंट-वाळूचे ५,००० रुपये धरू. मजुरी पंचेचाळीस रुपये चौरस फुटाने ८,१४५. मजुरी बसलेल्या फरशीवर द्यायची असते, विकत घेतलेल्या बॉक्सवर नाही. स्कर्टिंग धावत्या फुटावर, पंचवीस रुपयांनी १,०००. सांधे भरायचं ग्राउट आणि स्पेसर ६००. टेम्पो आणि हमाली २,०००. बेरीज ३३,०२०.

भागून पाहिलं तर सत्तर रुपयांची फरशी जमिनीत बसेपर्यंत १८२ रुपये चौरस फुटाची होते. जुनी फरशी उखडायची आणि राडारोडा गोणीत भरून खाली न्यायचा तर ते वेगळं. दुकानदाराचा भाव जीएसटी धरून आहे की वगळून, हेही आधी विचारलेलं बरं. बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

या बेरजेतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. सत्तरऐवजी शंभर रुपयांची फरशी घेतली तर खर्च ६,९७५ रुपयांनी वाढतो, म्हणजे एकवीस टक्क्यांनी; भाव मात्र त्रेचाळीस टक्क्यांनी चढलेला असतो. मजुरी, सिमेंट, हमाली तेवढीच राहते. वीस वर्षं पायाखाली राहणाऱ्या वस्तूत पाच-दहा रुपये वाचवण्यासाठी चार दुकानं फिरण्यापेक्षा तो वेळ चांगला मिस्त्री शोधण्यात घालवावा. पोकळ बसलेली महाग फरशी वर्षात आवाज करू लागते.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर सिमेंटच्या जाड थराचा विचार सोडून द्यावा. दोन इंची थराचं हॉलपुरतं वजनच पावणेदोन टनांच्या आसपास भरतं आणि ते सगळं स्लॅबवर येतं. अशा ठिकाणी चिकटवायचा अॅडहेसिव्ह वापरतात. वीस किलोच्या पोत्यात चाळीस ते अठ्ठेचाळीस चौरस फूट होतात, म्हणजे आमच्या हॉलला चार-पाच पोती. जमीन मात्र अर्ध्या इंचाच्या आसपास वर येते, म्हणून दारं खालून घासावी लागतील. सुताराची मजुरी अंदाजपत्रकात आधीच लिहावी. पंधरा बॉक्सचं वजनही सव्वाचारशे-साडेचारशे किलो होतं. सोसायटी लिफ्टमधून नेऊ देते का, हे टेम्पो दारात येण्याआधी विचारावं, नाही तर हमालीचा आकडा दुप्पट होतो.

शेवटचं, जे मी सहा वर्षांपूर्वी पाहिलं नव्हतं. प्रत्येक बॉक्सवर शेड आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडे मिळणारा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीच्या भट्ट्यांतून येतो आणि एका भट्टीतून दुसऱ्या वेळी निघालेल्या मालाची छटा थोडी तरी बदलतेच. म्हणून सगळा माल एकाच वेळी, एकाच क्रमांकाचा उचलावा आणि टेम्पोतून उतरवताना प्रत्येक बॉक्सवरचा क्रमांक स्वतः वाचावा. यंदा आमच्या पंधरांतला एक बॉक्स वेगळ्या शेडचा निघाला. फोडण्याआधी दिसला म्हणून दुकानाने तो लगेच बदलून दिला.

काम संपल्यावर दुकानदार उरलेला बंद बॉक्स परत घेतो म्हणेल, तेव्हा तो देऊ नका. पुढे नळाचं काम निघेल, एखादी फरशी फुटेल, आणि तोवर ते डिझाइन बाजारातून गेलेलं असेल. बॉक्स माळ्यावर ठेवा, आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो घराच्या बिलासोबत जपून ठेवा.